टिपणिसांच्या हिरव्या काचा

दिनानाथ टिपणीस वाशीला राहायला आला तेव्हा नव्या घरात लोक आधी पंखे लावून घेत. दिनानाथने आधी स्टुडिओ काढला. तिसऱ्या मजल्यावरच्या त्याच्या घराला पाच बाय आठची गॅलरी होती, तिलाच तो स्टुडिओ म्हणे. त्याची बायको वैजयंती तिला गॅलरीच म्हणे आणि संधी मिळताच तिथे लोणच्याची बरणी सरकवे.

ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात तो ट्रेसर होता. दुसऱ्यांनी काढलेल्या रेषांवर दिवसभर रेषा ओढून झाल्या की संध्याकाळी त्याला स्वतःचं काहीतरी करावंसं वाटे. म्हणून तो रंगीत काच कापून, तुकडे शिशाच्या पट्ट्यांत बसवून चित्रं करी. तीन वर्षांत त्याची तीन चित्रं झाली होती: एक मोर, एक मासा, आणि तो स्वतः ज्याला कमळ म्हणे ते.

१९८३च्या मे महिन्याच्या अखेरीस मुंबईतल्या एका म्हाताऱ्या काचवाल्याने दुकान बंद करायला काढलं आणि शिल्लक सहा काचा दिनानाथच्या गळ्यात मारल्या. प्रत्येकी दोन फूट बाय तीन फूट. त्यांतल्या दोन हिरव्या होत्या. पिंपळाचं पान उन्हात धरल्यावर दिसतो, तसला हिरवा. "असली काच आता कोणी करत नाय," असं काचवाला म्हणाला, आणि ते मात्र खरं निघालं.

दिनानाथने त्या काचा गोधडीत गुंडाळून दोन खेपांत बसमधून आणल्या. लहान मुलीला धरावं तशा त्याने त्या गुडघ्यांमध्ये उभ्या धरल्या होत्या.

"आत कोन हाय? पेशंट?" कंडक्टरने विचारलं.

"काच आहे. हळू बोला," दिनानाथ म्हणाला.

एवढे धक्के खाऊन एकीलाही तडा गेला नाही. उभ्या आल्या म्हणून वाचल्या, हे कुणाच्याही लक्षात आलं असतं. दिनानाथच्या लक्षात आलं नाही. घरी येताच त्याने त्या बाहेरच्या खोलीतल्या दिवाणाच्या पेटीत आडव्या रचल्या, दर दोन काचांमध्ये वर्तमानपत्र घातलं आणि झाकण लावलं. हिरव्या मौल्यवान, म्हणून त्या सगळ्यांत खाली.

"अहो, ताटं आपण मांडणीत उभी लावतो ना?" वैजयंतीवहिनींनी विचारलं. "एकावर एक ठेवली तर खालचं ताट निघतं का?"

"वैजू, ताट म्हणजे भांडं. काच म्हणजे कला."

कलेवर कुणी बसू नये म्हणून दिवाणावर बसायला बंदी आली. दहा महिने मी समोरच्या घरातून त्यांच्याकडे जात होतो आणि दहा महिने जमिनीवर बसत होतो. दिवाणाकडे कुणी नुसतं वळलं तरी दिनानाथ "अहो! अहो!" करून उठे. वहिनींच्या मावशींनी चार तासांचा पाहुणचार उभ्यानेच घेतला.

त्याच वर्षी दसऱ्याच्या सुमारास भिमाबाई जाधव त्याच्याकडे आल्या. त्या तळमजल्यावर राहत. मूळच्या चिपळूणकडच्या, दवाखान्यात नर्स, आणि आवाज असा की इंजेक्शनआधीच ताप उतरावा. त्यांच्या महिला मंडळाने खटपट करून विहारासाठी एक खोली मिळवली होती. खोलीला पूर्वेकडे उंच खिडकी होती आणि त्या खिडकीत बायकांना काचेचा पिंपळ हवा होता. बुद्धपौर्णिमेला विहार उघडायचा होता.

दिनानाथला आजवर कुणी काही मागितलं नव्हतं. मोर घरीच होता, मासा मेव्हणीला भेट दिल्यावर परत आला होता. तो इतका हरखला की त्याने लगेच शब्द दिला, आणि दिवाणाला हात लावला तो थेट एप्रिलमध्ये. मधल्या काळात कुणी विचारलं तर म्हणे, "काच मुरावी लागते."

मुरली होती खरी. आमच्याकडे खाडीची हवा. पावसाळ्यात मिठाचं पाणी होतं आणि चपलांना बुरशी येते. तीच ओल दिवाणातल्या वर्तमानपत्रांनी दहा महिने पिऊन ठेवली होती. वरच्या चार काचा कशाबशा सुटल्या. हिरव्या दोन मात्र मधल्या कागदासकट एकजीव झाल्या होत्या. दिनानाथने फटीत सुरी घातली. कोपऱ्याचा टवका उडाला. त्याने सुरी खाली ठेवली. दोन दिवस भिमाबाई दिसू नयेत म्हणून तो कामावर जाताना गच्चीवरून पलीकडच्या जिन्याने उतरला.

तिसऱ्या दिवशी भिमाबाईच वर आल्या. दिनानाथ, वहिनी आणि मी तिथेच जमिनीवर होतो. त्या सरळ चालत गेल्या आणि दिवाणावर बसल्या.

कुणीही ओरडलं नाही.

भिमाबाईंनी आमच्या तिघांच्या तोंडांकडे पाहिलं. "मी दिवाणावर बसले," त्या म्हणाल्या, "आणि भाऊ गप्प! काय झालंय?"

मग सगळं बाहेर आलं. भिंतीला टेकवलेली ती जाडजूड हिरवी लादी दिनानाथने दाखवली आणि म्हणाला, "ताई, माझ्यानं नाही व्हायचं. दुसरा कुणी बघा."

"दुसरा कुठून आणू? अख्ख्या वाशीत एवढा रिकामा माणूस एकच," भिमाबाई म्हणाल्या. "जखमेला पट्टी चिकटली तर आम्ही ओढतो का? भिजवतो."

"भांड्याला भात चिकटला तरी भिजवतोच," वहिनी म्हणाल्या. "पण यांना सांगायचं कुणी?"

"एवढी मोठी काच भिजवणार कशात?" मी विचारलं.

दोघी बायकांनी एकदम स्टुडिओकडे पाहिलं.

टेबल बाहेर आलं. गॅलरीतलं पाणी जायच्या भोकात फडक्याचा बोळा बसला. नळाला पाणी सकाळी तासभरच, म्हणून सगळा मजला बादल्या घेऊन आला. तीन दिवस दिनानाथचा स्टुडिओ तळं होता. कामावरून आला की तो स्टुलावर बसून, पाय पाण्यात सोडून काचेकडे बघत राही. वहिनी तिथेच चहा आणून देत.

चौथ्या दिवशी भिमाबाई नायलॉनचा दोरा घेऊन आल्या. एक टोक त्यांच्या हातात, दुसरं वहिनींच्या. मधल्या लगद्यातून दोरा करवतीसारखा हळूहळू पुढे चालला. दिनानाथ दर मिनिटाला "सावकाश" म्हणत होता.

"भाऊ, पेशंटचे नातेवाईक बाहेर थांबतात."

तो बाहेर आला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. आतून वहिनींचा आवाज आला, "उचलू नका, सरकवा." मग पाण्याचा चुळुक आवाज झाला. शेवटी भिमाबाई म्हणाल्या, "या. दोन झाल्या."

वहिनींनी त्याच क्षणी मांडणीतली ताटं काढून दिवाणात आडवी टाकली आणि काचा पुसून मांडणीत उभ्या केल्या, जुन्या चादरीच्या पट्ट्या मध्ये घालून. पुढचा महिनाभर त्या घरात जेवायला बसायचं म्हणजे आधी दिवाण उघडावा लागे.

पण एका काचेवर वीतभर पांढुरका डाग राहिला. चिंच झाली, राख झाली, व्हिनेगर झालं. ओल काचेतच उतरली होती. तेवढा भाग टाकला तर पानं कमी पडत होती.

"टाकताय कशाला?" भिमाबाई म्हणाल्या. "आमच्या गावच्या पिंपळाची रस्त्याकडची पानं बारा महिने धुळीनं भरलेली. तोही पिंपळच."

दिनानाथने त्या डागाची सात पानं कापली. रजा काढून, बोटं कापून घेऊन, झाड पौर्णिमेच्या आदल्या दिवशी खिडकीत बसवलं.

सकाळी विहारात गर्दी झाली. वंदना आटोपेपर्यंत ऊन खिडकीत आलं आणि समोर बसलेल्या बायकांच्या पांढऱ्या साड्या हिरव्या झाल्या. लोक वर बघत राहिले. दिनानाथला ते सोसेना. तो एकेकाला गाठून सांगू लागला, "सात पानं धुरकट आहेत बरं का. माझी चूक. ओल लागली."

खीर वाटत भिमाबाई त्याच्यापर्यंत आल्या. "कुठली सात? दाखवा."

दिनानाथने बोट वर केलं. "ते एक. ते खालचं. फांदीजवळची दोन. ते टोकाचं..." बोट हवेत फिरू लागलं. पाच झाली. त्याने चष्मा पुसला, दोन पावलं मागे गेला, मान तिरपी केली. उरलेली दोन त्याची त्यालाच सापडेनात.

"सावकाश शोधा," भिमाबाई म्हणाल्या आणि त्याच्या हातात वाटी देऊन पुढे गेल्या.