सुखदेवजी हवालदार आणि बाजारातली विहीर

रिकामी पोती कोणी विकत आणत नाही. तरी दुकानाच्या मागच्या खोलीत त्यांचा ढीग कसा होतो, हे इतकी वर्षं आडत करूनही मला कळलेलं नाही. माणसांच्या गोष्टींचंही तसंच! आमचे सुखदेवजी हवालदार गेल्या महिन्यात वारले, पंचाहत्तरी ओलांडून. तेरवीपर्यंत माझ्या गादीवर जो येऊन टेकला, तो एकेक गोष्ट टाकून गेला. शाळेचं तोंड मी पाहिलेलं नाही. पुड्या बांधायच्या रद्दीवर अक्षरं ओळखायला शिकलो. तेव्हा जसं येतं तसं लिहितो, सांभाळून घ्या.

सुखदेवजी म्हणजे अकोल्याचे माळी. फुलांचा आणि भाजीचा मळा. पहिल्या मोठ्या लढाईत पलटणीबरोबर बसऱ्याकडे गेले आणि डाव्या पायात गोळी घेऊन परत आले. पाय लंगडा, पाठ मात्र बंदुकीच्या नळीसारखी! परत आल्यावर माणसानं एकच ध्यास घेतला. आमच्या बाजाराच्या मधोमध विहीर आहे, तिच्यावर महारवाड्यातल्या लोकांना पाणी भरू द्यायचं. बाजारातली सगळी पोती त्यांच्याच पाठीवरून जायची. पण तहान लागली की त्यांनी लांब ओंजळ धरून उभं राहायचं. कोणाला दया आली तर वरून धार.

*

लढाईहून आले तेव्हा स्टेशनवर हार, ताशे, सगळा थाट झाला. बाजाराचे मुख्य पंच तुळशीराम पाटील. मोठा शेतकरी, दिलदार माणूस, पण रीत म्हणजे रीत! त्यांनी स्वतः हार घातला आणि म्हणाले, "हवालदार, तुमी अकोल्याचं नाव केलं. बोला, काय पायजे?"

"बाजारातली हीर सगळ्याईले मोकळी करा."

ताशे थांबले. पाटील हसण्यावारी न्यायला बघत होते. सुखदेवजी म्हणाले, "पाटील, मी रेतीत पडलो होतो. खेचरावाल्यानं आपल्या बाटलीतलं पानी माह्या तोंडात ओतलं. पानी पेल्यावर गाव इचारलं, तं बाळापूरचा निंगाला. महार."

"मंग?" पाटलांनी विचारलं.

"मंग काय! जात पह्यले इचारली असती, तं हा हार तुमाले फोटोले घालावा लागला असता!"

*

एका उन्हाळ्यात कापसाच्या गाडीनं पेट घेतला. कोणाची तरी विडी! वारा सुटलेला, शेजारी वीस-पंचवीस गाड्या भरून उभ्या, आणि लोक नुसते ओरडत धावताहेत. सुखदेवजी विहिरीच्या काठावर चढले आणि असे गरजले की बैलांनी कान टवकारले. "लाइन करा! या हातातून त्या हातात! कोनी जागचं हलाचं नाई!"

विहिरीपासून गाड्यांपर्यंत माणसांची रांग लागली. मी होतो, पाटील होते, हमाल होते. कोण कोणाच्या शेजारी, हे बघायला सवड होती कुणाला? चार गाड्या गेल्या. बाकीच्या वाचल्या.

धूर विरला आणि मग पाटलांना दिसलं की आपल्या उजवीकडे महारवाड्यातला हमाल, डावीकडेही तोच मामला. ते म्हणाले, "अरे, बादल्या त्याईच्या हातच्या हिरीत गेल्या! हीर बाटली!"

सुखदेवजींच्या भुवया जळाल्या होत्या. शांतपणे म्हणाले, "बरोबर हाय. कोनाजवळ काडी हाय का? गाड्या पुन्ना पेटवतो. आता फक्त आपल्या आपल्या लोकाईनं इझवा!"

विहिरीचं शुद्धीकरण मात्र झालंच. रीत म्हणजे रीत.

*

पटकीच्या साथीच्या सालात सरकारी माणूस विहिरीत टाकायला लाल दवा देऊन गेला. पाणी जांभळं दिसायला लागलं आणि बाजारात एकच बोंब झाली, की हे विष आहे! दोघेचौघे फावडी घेऊन विहीर बुजवायलाच निघाले. घरोघरी माणसं दगावत होती, डोकं कोणाचं ठिकाणावर नव्हतं.

सुखदेवजींनी सगळ्यांसमोर तांब्या भरला, घटाघटा प्याले आणि काठावर बसले. "मी मेलो तं बुजवा."

आता बाजार उभा, आणि सगळे एका माणसाच्या मरणाची वाट पाहताहेत! सूर्य डोक्यावर आला. त्यांनी जरा पोटाला हात लावला की गर्दी मागे सरायची.

शेवटी त्यांची बायको, गोदाबाई, गर्दी सारत आली. कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "भाकर थंडी होऊन राह्यली! मराचंच असन, तं जेवून मरा!"

*

सुखदेवजी विहिरीचं नाव सोडीनात, तेव्हा पुढे पाटलांना राग आला. पंचांचं ठरलं, सुखदेवजींची फुलं कोणी घ्यायची नाहीत. तेही कधी, तर ऐन दसऱ्याला! दोन गाड्या झेंडू मळ्यात तोडून पडलेला. मला वाटलं, आता हा माणूस मोडला.

सकाळी दुकानं उघडायला आलो, तर बाजारातल्या प्रत्येक दारावर झेंडूचं तोरण! माझ्या, पंचांच्या, खुद्द पाटलांच्या. नवरा-बायकोनं पहाटेपासून बांधली होती. एक पैसा घेतला नाही.

पाटील तोरणाखाली उभे राहून रागानं वर बघत होते. सुखदेवजी समोरून लंगडत आले. "राम राम, पाटील! फुलं नको असन, तं तोडून टाका. दसऱ्याचं तोरन हाय, हात लावून पाहा."

दसऱ्याच्या दिवशी दारचं तोरण तोडायची छाती कोणाची! पाटील कमरेत वाकून, तोरण पागोट्याला लागू न देता, आत गेले.

*

आणि मग तो दुष्काळाचा उन्हाळा. महारवाड्यातला पाण्याचा झिरा आटला. जाईबाई म्हणून एक हमालीण होती. ती बायका घेऊन आली ती थेट विहिरीजवळ, रिकाम्या घागरी काखेला. पाटलांची माणसं काठ्या घेऊन आडवी, मागे खुद्द पाटील.

"मांगं सर, जाई."

"मांगं कुठी सरू? मांगं पानी नाई," ती म्हणाली. "मारता तं मारा. तहानेनं मरन्यापेक्षा लवकर होईल."

एक काठी उठली. सुखदेवजी काठीच्या आणि तिच्या मध्ये येऊन उभे राहिले. तेव्हा त्यांचं वय सत्तरीच्या पुढे. म्हणाले, "पाटील, आता पंचाईनं काय ते सांगा. पन रुमालाखाली."

आमच्या बाजारात सौदा तोंडानं होत नाही. रुमालाखाली हात हातात घेऊन बोटं दाबायची, भाव ठरतो. दलाल जो आकडा पुकारेल तो शेवटचा. आणि रुमालाखाली कोणी काय दाबलं, ते कधी तोंडावर आणायचं नाही. ज्यानं आणलं, त्याच्याशी पुन्हा कोणी हात मिळवत नाही. त्याचा धंदा संपला.

"मूठ दाबली तं हीर मोकळी," सुखदेवजी म्हणाले. "एक बोट दाबलं तं बंद."

तेव्हा आम्ही अकरा पंच, त्यांतला एक मी. पाटलांनी विचार केला. "अकराच्या अकरा मुठी पडल्या पायजे. एक जरी बोट आलं, तं हीर बंद, अन् तुमी पुन्ना नाव काढाचं नाई. हाय कबूल? अन् रुमालाखालचं रुमालाखालीच राह्यलं पायजे!"

"कबूल."

सुखदेवजी जन्मात खोटं बोलले नव्हते. हे पाटीलही मानायचे, म्हणून तर रुमाल त्यांच्या हाती दिला.

ते एकेका पंचापुढे बसत गेले. चेहऱ्यावर सुरकुतीसुद्धा हलली नाही. जाईबाई टक लावून रुमालाकडे बघत होती. दहावा मी. त्यांचा खरखरीत हात रुमालाखाली माझ्या हातात आला. माझं सगळं गिऱ्हाईक पाटलांच्या शब्दातलं. शेजारी पाटील बसलेले. मी एक बोट दाबलं.

सुखदेवजींनी माझ्याकडे पाहिलं. पाटलांपुढे जाऊन बसले. मग उठले, रुमाल झटकला, खांद्यावर टाकला आणि परेडवर देतात तशा आवाजात पुकारलं,

"अकरा मुठी! जाईबाई, टाक बादली!"

पाटलांनी तोंड उघडलं. आम्ही सगळे त्यांच्याकडे पाहायला लागलो. त्यांनी ते मिटलं. बाकीच्या पंचांतलं कोणी पायाच्या अंगठ्याकडे बघत होतं, कोणी आभाळाकडे. खाली बादली पाण्यावर आदळल्याचा आवाज आला.

पाटील माझ्याकडे वळले. त्यांचा उजवा हात मांडीवर होता. चार बोटं मिटलेली, एक अजून ताठ.

मी माझा हात हळूच बंडीच्या खिशात घातला.