नकाशावरचा खडक

आमच्या बाबांच्या दोरीला दर तीन पावलांवर एक गाठ होती. लागवड खात्यात मुकादम असताना ते ती दोरी उतारावर ताणायचे आणि गाठ पडेल तिथे खड्डा खणायला लावायचे. खात्यात सगळे त्यांना 'दोरीवाले' म्हणत. सरळ रेषेची ही खोड घरीही सुटली नव्हती. दारातल्या चपला वाकड्या दिसल्या की ते स्वतः वाकून रांगेत लावायचे, मग त्या पाहुण्यांच्या का असेनात. आई म्हणायची, "लग्नाच्या फोटोतसुद्धा मला कोपराने मागे सरकवलंय, रांग बिघडू नये म्हणून!"

गॅलरीतून समोरची टेकडी दिसे. माझ्या जन्माआधी तिथे नुसतं गवत होतं. गवत म्हणजे पडीक जमीन, असं तेव्हाच्या साहेबांचं ठाम मत. मग बाबांच्या टोळीने दोन वर्षांत अख्खी टेकडी एकाच परदेशी, झपाट्याने वाढणाऱ्या झाडाने भरून टाकली. 'एकही खड्डा रिकामा नाही' असं लिहिलेलं प्रशस्तिपत्र बैठकीच्या खोलीत टांगलेलं होतं, अर्थातच ओळंब्यात.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मात्र बाबा एकटेच टेकडीवर फिरायला जायचे. मी कितीही हट्ट केला तरी न्यायचे नाहीत. परत यायचे तेव्हा नखांत माती असायची. आई विचारी, "वर दुसरा संसार थाटलाय का हो?" बाबा गालात हसून साबण शोधायला लागायचे. ते हसू मला अजून आठवतं.

ते निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी खात्यातली एक तरुण अधिकारी बाई जुना नकाशा घेऊन घरी आली. त्या झाडांखाली दुसरं काही उगवत नव्हतं, खालचा झरा आटला होता, जमिनीवर घरटी करणारे पक्षी निघून गेले होते. आता टप्प्याटप्प्याने झाडं काढून टेकडीवर गवत परत आणायचं ठरलं होतं. मला तर संतापच आला. बाबांच्या उभ्या आयुष्याची कमाई तोडायची, आणि वर आमचाच चहा प्यायचा!

बाबांनी मात्र एवढंच विचारलं, "बी कुठून आणणार?"

"तोच तर घोळ आहे, काका. याच टेकडीचं हवं, बाहेरचं इथे टिकेलच असं नाही. झाडं नसलेला एकच तुकडा आहे, पण तिथे खडक." तिने नकाशावर बोट ठेवलं. 'खडक. खड्डे अशक्य.' अक्षर बाबांचं होतं.

बाबांनी प्रशस्तिपत्राकडे पाहिलं. मग म्हणाले, "तिथे खडक नाही, मॅडम. मी खोटं लिहिलंय."

आईने हातातला कप खाली ठेवला.

"दोरी टाकली, तर गाठीपाशीच चंडोलाची मादी अंड्यांवर बसलेली. उठेचना. साहेबांचा हुकूम होता, एकही खड्डा सोडायचा नाही. मी चाळीस सोडले."

"पण एवढ्या वर्षांत आजूबाजूच्या झाडांची रोपं तिथे शिरली असतील ना?" बाईने विचारलं.

"उपटतो की, दर महिन्याला." त्यांनी चोरून आईकडे पाहिलं. "हाच तो दुसरा संसार."

आई म्हणाली, "मेलं, मला सांगायचं तरी! मीही आले असते उपटायला." आणि पदराने डोळे पुसायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चौघं वर गेलो. झाडांच्या काळोख्या, सरळसोट रांगांमधून चालता चालता एकदम ऊन लागलं आणि समोर गुडघाभर गवत. बाई गवतातच खाली बसली. तिने तिथल्या तिथे अकरा जाती मोजल्या.

झाडं काढलेल्या पहिल्या उतारावर बी टाकायच्या दिवशी बाबा दोरी घेऊन हजर! "काका, गवत रांगेत नाही पेरत," ती हसली. "उधळायचं." बाबांनी दोरी गुंडाळून माझ्या हातात दिली आणि मूठ भरली.

बाबा आता नाहीत. प्रशस्तिपत्र त्यांनी स्वतःच उतरवलं होतं. त्या जागी बाईने दिलेली नकाशाची प्रत आहे. तिच्यावर 'खडक' खोडून बाबांनी लिहिलंय: 'गवत होतं. चंडोल होता.' ओळ बरीच वाकडी गेली आहे. ती त्यांना दिसली होती, पण त्यांनी ती तशीच राहू दिली.