हिरवी चकती

एकोणीसशे साठ साल उलटून गेलं होतं. नंदुरबारला भाड्याच्या दोन खोल्यांत आमचं हिवतापाचं ऑफिस होतं. गावोगाव फिरणारे आमचे कर्मचारी तापकऱ्याच्या बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेत. त्या पट्ट्या माझ्याकडे येत. मी त्या रंगवून सूक्ष्मदर्शक दुर्बिणीखाली बघायचो आणि जंतू आहेत की नाहीत ते लिहायचो.

त्या वर्षी नवे साहेब आले. शिस्तीचे, पण आवाज कधी चढवत नसत. त्यांनी भिंतीवर एक फळा लावून घेतला. धानोरा, म्हसावद, खापर अशी एकेका भागाची नावं आणि प्रत्येक नावापुढे एक खिळा. ठरलेल्या काचपट्ट्या पूर्ण झाल्या तर खिळ्याला हिरवी चकती, थोड्या कमी पडल्या तर पिवळी, फारच कमी असल्या तर लाल. सगळ्यात खाली माझंही नाव होतं, कारण तपासणीचा आकडाही ठरलेला होता. पतंगाच्या कागदाच्या चकत्या कापून दर शनिवारी त्या लावायचं काम माझ्याकडेच असे.

साहेब कुणाला रागवत नसत. लाल चकतीसमोर ते नुसते उभे राहत. तेवढ्यानंच त्या माणसाची मान खाली जाई.

खापरच्या पलीकडच्या डोंगरातल्या पाड्यांवर एक वयस्कर कर्मचारी जायचे. आम्ही सगळे त्यांना नाना म्हणायचो. दिवाळीनंतर दोन आठवडे त्यांची चकती लाल राहिली. तिसऱ्या आठवड्यात ती हिरवी झाली आणि मग हिरवीच राहिली. "एवढ्या अवघड मुलखात हे काम करून दाखवतात," असं साहेब सर्वांसमोर म्हणाले. आम्ही टाळ्या वाजवल्या. नाना टोपी हातात धरून जमिनीकडे बघत होते. मला वाटलं, लाजले.

पौषातली सकाळ होती. आभाळ आलं होतं. माझी दुर्बीण आरशावर पडणाऱ्या उजेडावर चालायची, त्यामुळे एकेक पट्टी खिडकीकडे वळवून सावकाश बघावी लागत होती. नानांच्या पट्टीशी थांबलो. रक्तातल्या तांबड्या पेशींत जिकडेतिकडे जांभळे ठिपके. माणसाच्या तांबड्या पेशीत असा ठिपका नसतो. पाखराच्या असतो. प्रशिक्षणात एकदा गंमत म्हणून दाखवलं होतं ते आठवलं. ते रक्त कोंबडीचं होतं.

मी पेटीतल्या मागच्या पट्ट्या काढल्या. चकती हिरवी झाल्यापासूनच्या सगळ्या तशाच. आणि प्रत्येकीसमोर वहीत माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं : जंतू नाहीत. माझी हिरवी चकती टिकवायला मी पट्टी ठेवत होतो आणि उचलत होतो. बघत नव्हतो. दुपारचा डबा मी तसाच परत नेला.

खापरच्या बाजाराच्या दिवशी एसटीनं गेलो. नाना एका झाडाखाली बसलेले सापडले. मी विचारलं, "नाना, कोंबडी कुणाची?"

त्यांनी काही लपवलं नाही. "मन्हीच शे," ते त्यांच्या अहिराणीत म्हणाले. "काय करू, दादा? पाड्यावर घर घरले कडी लायेल शे. मानसं गुजरातमा ऊस तोडाले गयात. रगत कोनं काढू?"

"मग तसं साहेबांना सांगायचं."

"फळ्यावर लाल लागस, दादा. साहेब उभा ऱ्हास ना, तवय मन्हा जीव बसी जास."

मी त्यांना माझ्या वहीबद्दल सांगितलं. ते उठून धोतर झटकत म्हणाले, "चाल, दोन्ही जाऊत."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही साहेबांच्या टेबलासमोर उभे राहिलो. मी पट्टी दुर्बिणीखाली लावली. साहेबांनी वाकून पाहिलं, डोळे पुसले, पुन्हा पाहिलं. नानांनी बंद घरांची हकीकत सांगितली. मी माझी सांगितली.

"हे मला आधी का नाही कळलं?" साहेबांनी विचारलं.

नानांनी फळ्याकडे पाहिलं. मग साहेबच म्हणाले, "मी विचारलंच नव्हतं."

आम्हा दोघांना लेखी ताकीद मिळाली आणि ती योग्यच होती. आमच्या दोन्ही चकत्या मी स्वतः काढून लाल लावल्या. त्या आठवड्यात साहेबांनी मला पांढऱ्या चकत्या कापायला सांगितल्या. जिथं माणसंच गावात नाहीत, तिथं पांढरी. पुढच्या शनिवारी फळ्यावर एकाएकी चार पांढऱ्या लागल्या. म्हणजे गप्प बसलेले एकटे नाना नव्हते.

होळीला डोंगरातली माणसं घरी परततात. कुठंही असली तरी येतात. नाना त्या आठवड्यात पाड्यांवरच राहिले आणि चाळीसेक पट्ट्या घेऊन आले. त्या बघायला मला अख्खे दोन दिवस लागले. एकाच घरातल्या तिघांच्या रक्तात जंतू सापडले. एक बाई आणि तिची दोन मुलं. ऊसतोडीच्या मुक्कामातच त्यांना थंडी वाजून ताप येत होता. नाना गोळ्या घेऊन त्याच दिवशी परत गेले आणि उपचार पुरा होईपर्यंत रोज समोर बसून त्यांना गोळ्या देत राहिले.

एकेक पट्टी नीट बघण्यात त्या आठवड्यात माझा आकडा कमी भरला. चकती पिवळी लागली. साहेब तिच्याकडे बघून पुढे गेले आणि मी पुढची पट्टी घेतली.