दुसरं कडवं

तिला सगळे भुणभुणी म्हणत. कपडे भिजवताना, पिळताना, इस्त्री करताना तोंडाने सतत काहीतरी चालू, म्हणून. नाव आईनेच ठेवलेलं. आईची लॉन्ड्री होती, दोन खोल्यांची. पुढे इस्त्रीचं लांब टेबल, मागे धुण्याची मशिनं, आणि वर पोटमाळ्यावर मायलेकींचं बिऱ्हाड. बाप ती लहान असतानाच गेलेला. चौदाव्या वर्षी तिच्या हातात इस्त्री आली, ती एकविसावं लागलं तरी सुटली नव्हती. टेबलाच्या डाव्या अंगाला आई, उजव्या अंगाला ती. मध्ये बोलायला विषय फक्त डागांचा.

लॉन्ड्रीत प्रत्येक कपड्याला कागदाची चिठ्ठी टाचायची पद्धत होती. पुढच्या बाजूला गिऱ्हाइकाची खूण आणि डागाची जागा, मागची बाजू कोरी. त्या कोऱ्या बाजूवर भुणभुणी गाणी लिहायची. वहीत लिहिलं तर आई विचारणार, चिठ्ठ्यांकडे कोण बघतंय! एकदा घाईत नको ते झालं. एका गाण्याचं दुसरं कडवं लिहिलेली चिठ्ठी कुठल्याशा कपड्याला टाचली गेली आणि कपड्याबरोबर निघून गेली. दोन दिवस तिने शोधाशोध केली, मग आठवून आठवून पुन्हा लिहून काढलं.

त्या गाण्याच्या पहिल्या कडव्यात आईचे वाफेने सोललेले हात होते. दुसऱ्या कडव्यात हे होतं:

*घडी घालुन फळीवरती ठेवू नकोस, आई,*
*घालायाचा कपडा मी गं, ठेवायाचा नाही.*

म्हणजे सरळच, मला जाऊ दे. हे तोंडावर सांगायची तिची सात वर्षांत छाती झाली नव्हती. आईने कधी अडवलं होतं म्हणावं, तर तेही नाही. अडवलं असतं तर निदान भांडता आलं असतं. आई रोज सकाळी उजव्या अंगाची इस्त्री तापवून ठेवायची, बस्स.

टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेची चाचणी जाहीर झाली, तेव्हा भुणभुणी 'जरा बाहेर जाऊन येते' म्हणून गेली आणि गाऊन आली. नव्वद सेकंद मिळत होते. नव्वद सेकंदांत पहिलंच कडवं बसलं. परीक्षकांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांचं पाणी नळाचंच असतं, पण तेवढ्यावर ती स्पर्धेत आत गेली.

मग कॅमेरा लॉन्ड्रीत आला. बरोबर कार्यक्रमाचा दाढीवाला निवेदक.

"हे गाणं नक्की कशावर आहे?" त्याने विचारलं.

आई चार हातांच्या अंतरावर उभी राहून एका शर्टाची कॉलर दाबत होती. भीड ही भिकेची बहीण म्हणतात ते खोटं नाही. भुणभुणीच्या तोंडून निघून गेलं, "आईवर. आईच्या कष्टांवर."

"वा!" दाढीवाला म्हणाला. आईने शर्ट उलटा केला.

झालं. त्या दिवसापासून ती 'इस्त्रीवाली पोर' झाली. दर आठवड्याला गाण्याआधी तिला इस्त्री करताना दाखवायचे, मग पहिल्या रांगेत बसलेली आई. भुणभुणीने नवी गाणी केली, चांगली केली, पण लोकांना तेच हवं असायचं. परीक्षक म्हणायचे, "आईवाल्या दोन ओळी होऊन जाऊ द्या." फेरीमागून फेरी ती पुढे गेली. लॉन्ड्रीत गर्दी इतकी वाढली, की माणसं न चुरगळलेले कपडेसुद्धा घेऊन यायची. त्यांना तिच्याच हातची इस्त्री हवी. आधी आठ तास उभी राहायची, आता तालीम संपवून दहा तास. सुटण्यासाठी केलेल्या गाण्याने तिला टेबलाला अजूनच घट्ट बांधलं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं! खरं सांगावं तर आई सगळ्या जगासमोर उघडी पडणार, न सांगावं तर जन्म इथेच जाणार. तिला धड झोप लागेना.

अंतिम फेरीत तीन मिनिटं मिळणार होती. दाढीवाला म्हणाला, "आता पूर्ण गाणं घ्या. दुसरं कडवं आहे ना?"

"आहे," ती म्हणाली आणि तिथेच तिने ठरवलं. गायचं. होईल ते होईल.

त्या आठवड्यात आई लॉन्ड्रीत एका मुलीला काम शिकवत होती. उजव्या अंगाला उभी करून. "तू तालमीला जातेस, हात कमी पडतो," एवढंच म्हणाली. मग बऱ्याच वेळाने, मान वर न करता विचारलं, "गाणं पुरतं म्हणणार आहेस ना गं?"

"हो."

"बरं."

अंतिम फेरीच्या संध्याकाळी पहिलं कडवं सुरेख झालं. दुसऱ्याच्या आधी वादकांनी जागा सोडली आणि दिव्याचा झोत पहिल्या रांगेवर गेला. आई मांडीवर पिशवी घेऊन ताठ बसली होती, पापणीसुद्धा न हलवता बघत होती. भुणभुणीने तोंड उघडलं. गळा ठीक होता, हिंमत गेली. तिने पुन्हा पहिलंच कडवं घेतलं. वादक मुरलेले होते, त्यांनी सांभाळून घेतलं.

ती जिंकली. आईला रंगमंचावर आणलं. "आता पुढे काय?" असं कुणीतरी विचारलं आणि ती बोलून गेली, "कितीही मोठी झाले, तरी आईला आणि आमच्या टेबलाला सोडून कुठेही जाणार नाही."

टाळ्या थांबेनात. आईचा हात तिच्या पाठीवरून फिरत होता, तो थांबला.

नंतर आई कुठेतरी बाहेर जाऊन आली. रंगपटात दोघीच उरल्या, तेव्हा तिने पिशवीतून बटणांचा डबा काढला आणि तळाची चिठ्ठी भुणभुणीच्या हातात दिली. हरवलेली चिठ्ठी. पुढे कोटाच्या बाहीवरच्या शाईच्या डागाची नोंद, मागे दुसरं कडवं.

"शाळेतल्या सरांनी आणून दिली होती. त्यांच्या कोटाला होती. दीड वर्ष झालं."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"तू कधी म्हणतेस याची वाट बघत होते."

"मग तूच का नाही बोललीस, आई?"

"मी जा म्हटलं असतं, तर तुला वाटलं असतं, घालवून देतेय. आज म्हणणार होतीस ना? म्हणून तर त्या पोरीला तयार केली. उद्यापासून कायमची येणार होती."

"होती?"

"तू सगळ्यांसमोर बोललीस, कुठे जाणार नाही म्हणून. मग आत्ताच फोन करून तिला नको म्हणून सांगितलं. दुसऱ्या दुकानातून बोलावणं होतं तिला. ती तिकडे हो म्हणाली."

भुणभुणीला आईच्या गळ्यात पडून खूप रडावंसं वाटलं. तेवढ्यात दाढीवाला दार ठोठावून आत आला. उद्या सकाळी सातला कॅमेरा लॉन्ड्रीत येणार होता. विजेती आपल्या टेबलावर परत आलेली त्यांना दाखवायची होती.

सकाळी ती पोटमाळ्यावरून खाली उतरली. आईने उजव्या अंगाची इस्त्री तापवून ठेवली होती. तिने ती उचलली आणि दाढीवाल्याने सांगितल्यावर पहिलं कडवं म्हटलं.