एका कमानीवरची भाऊबीज

आपल्याला लिहिण्याचा अधिकार आहे असे मला कधी वाटले नाही, आजही वाटत नाही. एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मी आयुष्यभर इतरांनी लिहिलेल्या पुस्तकांना क्रमांक दिले, त्यांच्या पाठीवर चिठ्ठ्या डकवल्या आणि त्यांना आपापल्या जागी उभे केले. ज्याने इतकी पुस्तके हाताळली त्याने त्यांत आणखी चार पानांची भर घालू नये, एवढे मला कळते. त्यातून विषय तरी काय, तर लॅपटॉपचे इंटरनेट, ज्यातले मला जवळजवळ काहीच कळत नाही. तरी गेल्या भाऊबिजेची संध्याकाळ मनातून जात नाही, म्हणून हे धाडस. वाचकांनी सांभाळून घ्यावे.

माझी ताई माझ्याहून चौदा वर्षांनी मोठी. ती दूरच्या एका थंड देशात मुलाकडे राहते. गेल्या काही वर्षांत तिचे ऐकणे जवळजवळ संपले. कानात यंत्र घातले तर नुसता गलका ऐकू येतो, शब्द नाहीत. फोनचा त्यामुळे उपयोग उरला नाही. पण ओळखीच्या माणसाच्या ओठांवरून ती सगळे बोलणे वाचते. म्हणून भाच्याने मागच्या खेपेला आपला जुना लॅपटॉप मला दिला, घरात वाय-फाय घ्यायला लावले, आणि दर रविवारी संध्याकाळी मी गिरगावातल्या आमच्या दोन खोल्यांपैकी बाहेरच्या खोलीत पडद्यासमोर बसून सावकाश, ओठ नीट हलवत बोलू लागलो. तोंडातल्या तोंडात बोलण्याची माझी जन्माची सवय. ती मोडायला मला साठी ओलांडावी लागली.

भाऊबिजेला ताई तिकडूनच ओवाळते. तिकडे सकाळ असते, इकडे दिवेलागण. मला ओवाळल्याशिवाय ती तोंडात काही घालत नाही. हा तिचा नेम मी पाळण्यात होतो तेव्हापासूनचा आहे. आता तिच्या गोळ्या खाण्यानंतरच्या, आणि खाणे ओवाळण्यानंतरचे. म्हणजे तिची सारी सकाळ माझ्या पडद्यावर येण्याला टांगलेली.

त्या दिवशी साडेसहाला मी नवा सदरा घालून, पाटावर बसून लॅपटॉप उघडला. त्याची बॅटरी केव्हाच गेली आहे. तो भिंतीतल्या प्लगला जोडूनच चालतो, त्यामुळे त्याची जागा ठरलेली. पडद्याच्या कोपऱ्यात वाय-फायचे एक चिन्ह असते: खाली टिंब आणि त्यावर एकावर एक तीन कमानी. एरवी तिन्ही कमानी उजळलेल्या असत. त्या संध्याकाळी एकच उजळली होती, तीही मधूनमधून विझत होती. ताईचे चित्र यायला निघाले आणि अर्ध्यात थांबले. कपाळ, एक डोळा, निरांजनाची ज्योत. बाकी सगळे राखाडी.

मी घाबरलो. तसाच बसून राहिलो.

"अहो, त्या यंत्राला नमस्कार करून झाला असेल तर काहीतरी करा," स्वयंपाकघरातून पत्नी म्हणाली. "वन्सं तिकडे उपाशी बसल्या असतील."

"काय करू?"

"शेजारी विचारा. त्यांच्या फोनवर होतं सगळं."

आमच्या दोघांचेही फोन बटणांचे. मी गॅलरीत गेलो. मजल्यावरच्या सगळ्या दारांना कुलपे होती. कोणी आपल्या बहिणीकडे गेले होते, कोणी बायकोला घेऊन मेव्हण्याकडे. जाताना कंदील मात्र पेटवून गेले होते. कुलपांपुढे एकटेच जळणारे ते लाल, पिवळे कंदील, चौपाटीकडून येणाऱ्या वाऱ्याने सळसळणाऱ्या त्यांच्या कागदी शेपट्या, आणि माणसांचा आवाजच नसलेली लांबलचक गॅलरी. क्षणभर वाटले, आपणच चुकून मागे राहिलो आहोत आणि सणाला निघालेली सारी माणसे कुठल्याशा एकाच उजेडात पोचली आहेत.

तेवढ्यात फोन वाजला. भाचा होता.

"मामा, आई पाटासमोर बसलीय. चहासुद्धा घेत नाहीये. तुमच्याकडून काही येत नाही."

"एकच कमान आहे," मी म्हणालो.

"काय आहे?"

मी चिन्हाचे वर्णन केले. तो हसला नाही, हे त्याचे उपकार.

"सिग्नल कमी पडतोय. राउटरचे दिवे लागलेत ना?"

"तीन. हिरवे."

"मग प्लग काढा, तीसपर्यंत मोजा, परत लावा. आणि राउटर जागेवरच आहे ना?"

"अगदी व्यवस्थित ठेवलाय," मी म्हणालो.

आणि खरोखरच मी तो व्यवस्थित ठेवला होता. दिवाळीच्या साफसफाईत पत्नीने घरातला प्रत्येक डबा घासला. बाहेरच्या खोलीत, खिडकीच्या कठड्यावर, वायरींच्या भेंडोळ्यासह पडलेला राउटर त्या स्वच्छतेत मला फार बेवारशी वाटू लागला. ज्या वस्तूला जागा नाही ती वस्तू हरवलीच असे समजून मी तीन दशके काम केले. म्हणून मी त्याला स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर नेले. मिक्सरचा प्लग तिथे जवळ होता आणि वायर पुरत होती. त्याच्यापुढे फराळाचे डबे ओळीने लावले: लाडू, चकल्या, शेव, चिवडा, शंकरपाळे, सगळे स्टीलचे, आणि दोन्ही कडांना आईच्या वेळचे पितळेचे दोन. समोरून बघावे तर नुसती लखलखती भिंत. मला त्याचा अभिमान होता. लॅपटॉप त्यानंतर उघडलाच नव्हता.

मी प्लग काढला. तीसपर्यंत मोजायचे होते. कमी पडू नये म्हणून शंभरपर्यंत मोजले. मोजता मोजता आकडे दूर जाऊ लागले. बिनतारी म्हणजे काय, हे मला कधी नीट उमगले नाही. भाजणी भाजली की वास जसा भिंत न विचारता पलीकडच्या खोलीत जातो, तसेच काहीतरी असणार, असे मी मनाशी धरून चाललो होतो. तोच वास समुद्रावरून पुढे जात, रात्रीच्या आणि सकाळच्या सीमेवरून ओघळत ताईच्या खोलीपर्यंत पोचत असेल, आणि तिच्या निरांजनाची ज्योत त्याने किंचित हलत असेल.

प्लग लावला. दिवे पुन्हा हिरवे झाले. कमान एकच.

"मामा, ती माझं बोलणं मानतच नाही," भाचा फोनवर म्हणाला. "मी कागदावर लिहूनसुद्धा दाखवलं की तू खाऊन घे. ती म्हणते, तो आलाय का आधी सांग."

फोन तसाच कानाशी धरून मी पडद्याकडे बघत राहिलो.

पत्नी ताईला दाखवण्यासाठी ताट वाढायला घेत होती. ती स्टुलावर चढली, चकल्यांचा डबा काढून ओट्यावर ठेवला, मग लाडवांचा काढला. आणि पडद्यावर दुसरी कमान उजळली.

"अगं, काय केलंस?"

"लाडू काढले. का, मोजून ठेवले होते का?"

"डबा परत ठेव."

"चढू का उतरू, एकदा ठरवा."

तिने डबा ठेवला. कमान विझली. तिने काढला. कमान उजळली. तेव्हा कुठे आम्हा दोघांच्या लक्षात आले. ती स्टुलावर बसली आणि पदर तोंडाशी धरून हसू लागली.

"ग्रंथपालसाहेब, त्या बिचाऱ्याला तुम्ही स्टीलच्या कोठडीत घातलंत."

आम्ही सगळे डबे खाली उतरवले. फळीवर एकटा राउटर उरला, आणि तिन्ही कमानी लागल्या.

ताई आली. स्वेटरवर रेशमी पातळ, कपाळाला मोठे कुंकू, मागच्या खिडकीत धुरकट पांढरी सकाळ. तिने आधी माझे ओठ बघितले.

"कुठे होतास रे?"

"इथेच," मी म्हणालो, सावकाश.

तिने निरांजन फिरवले. पडद्यावर ज्योत एक वळण मागे ठेवत जात होती, त्यामुळे क्षणभर तिच्या हाती ज्योतींची माळ असल्यासारखे दिसले. मी मान खाली घातली. तिने पडद्याला, माझ्या कपाळाच्या जागी, कुंकू लावले. बोट वरच्या कॅमेऱ्यालाही लागले आणि मला सगळे गुलाबी दिसू लागले. भाचा चहा आणायला आत गेला.

तेवढ्यात तिचा हात कुठल्याशा बटणावर पडला असावा, कारण तिचा आवाज गेला. चित्र मात्र चालू होते. ती बोलतच होती. गुलाबी डागाआडून माझ्याकडे बघत, मधे थांबत, एकदा डोळे पुसत, बराच वेळ बोलली. ती माझे ओठ वर्षानुवर्षे वाचत आली आहे. मला तिच्या ओठांवरचा एक शब्द वाचता आला नाही. शेवटी ती थांबली आणि उत्तराची वाट बघू लागली. तिला आता ताटकळत ठेवणे मला जमणारे नव्हते. मी मान हलवून हो म्हटले.

तिचा चेहरा असा निवळला की मी तो तसा पूर्वी कधी पाहिला नव्हता. तिने ताटातली करंजी उचलली आणि खाल्ली.

भाचा आला, त्याने बटण दाबले, आवाज परतला. तोपर्यंत ती चहाला साखर कमी पडल्याची तक्रार करत होती, आणि विचारण्याची वेळ निघून गेली होती. पुढच्या रविवारी निरोप घेताना ती म्हणाली, "ठरल्याचं लक्षात आहे ना?" मी पुन्हा मान हलवली. राउटर आता खिडकीच्या कठड्यावर आहे, कमानी तिन्ही असतात, आवाजही स्पष्ट येतो. विचारायला कसलीच अडचण नाही. पण आपण कशाला हो म्हटले हे आपल्याला ठाऊक नाही, असे तिला कळले तर त्या दिवसाच्या तिच्या चेहऱ्याचे काय होईल, ते मला कळत नाही. तुम्ही माझ्या जागी असता तर तिला विचारले असते का?