माय तोंडात तेल धरते तेव्हा

माझी माय रोज सकाळी पंधरा मिनिटं गप्प असते. एरवी नाही. अमरावतीला देवळाच्या रस्त्यावर चाळीस वर्षं हारफुलं विकलेली बाई ती, तिच्यापुढं बोलण्यात कुणी टिकत नाही. पण सकाळी उठली की लाकडी घाण्याच्या तिळतेलाचा एक चमचा तोंडात घेते, या गालातून त्या गालात हळूहळू खेळवते आणि तेवढ्यात दिवसाचा पहिला हार ओवून काढते. हार झाला की मागच्या अंगणात राखेवर थुंकायचं, कोमट पाण्यानं चूळ भरायची आणि मग ब्रश. हे तिला तिच्या सासूनं लावलेलं वळण.

मी अकोल्याला शाळेत विज्ञान शिकवते. शाळेत निघण्याआधी मी तिला फोन करते आणि तो नेमका तिच्या तेलाच्या वेळेत जातो. त्यामुळे आमचं ठरूनच गेलंय. एक 'हं' म्हणजे सगळं ठीक. दोनदा 'हं हं' म्हणजे थांब, सांगायचंय.

मागच्या वर्षी तिच्या खालच्या दाढेचं रूट कॅनाल झालं. मी रजा काढून गेले होते. डॉक्टरांनी दाढेवर तात्पुरती कॅप बसवली आणि मला आत बोलावून सांगितलं, "ही कच्ची आहे. पंधरा दिवसांत पक्की बसवू, मावशींना नक्की घेऊन या." माय तेव्हा बाहेर चपला शोधत होती. मी मान डोलावली आणि अकोल्याला परतले.

मग परीक्षा आल्या, पेपर आले, घरी पाहुणे आले. दवाखान्यातून दोनदा फोन आला, दोन्ही वेळा मी "पुढच्या आठवड्यात" म्हणाले. एकदा मायनंच विचारलं, "दाढेचं काई राह्यलं काय व?" मी म्हटलं, "काही नाही, चालतंय ना? मग चालू दे." असे तीन महिने गेले. खरं सांगायचं तर मी विसरले नव्हते. अकोल्याहून बडनेरा, तिथून अमरावती, दवाखान्यातली बाकडी, याचा कंटाळा आला होता, बस.

एका सकाळी फोनवर दोनदा 'हं हं' आलं, मग थुंकल्याचा आवाज. "टोपी निंगाली व दाढेची," माय म्हणाली. "तेलासंगं राखेत पडली."

माझं डोकंच फिरलं. "तेच तेल! किती वेळा सांगितलं तुला! त्यानं कॅपचा चिकटा सुटतो, एवढंही कळत नाही?" मी तिला असं एकदाही सांगितलं नव्हतं. चिकटा सुटतो हे मला कुठून कळलं, तेही ठाऊक नाही. वर्गात पोरांना 'पुरावा काय?' म्हणून उभं करणारी मी, त्या सकाळी मला पुरावा नको होता, कुणीतरी गुन्हेगार हवा होता. तेल बिचारं बाटलीत होतं, सापडलं.

शनिवारी गेले आणि आधी फळीवरची तेलाची बाटली उचलून पिशवीत टाकली. माय बघत राहिली. "ने मंग," एवढंच म्हणाली. कॅप तिनं राखेतून शोधून, धुऊन, हार बांधतात त्या केळीच्या पानाच्या तुकड्यात गुंडाळून ठेवली होती.

डॉक्टरांनी दाढ पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला. कॅपखालून कीड पार हिरडीच्या आत गेली होती. काढावीच लागेल, म्हणाले.

"तेलामुळेच ना?" मी घाईनं विचारलं.

"तेलाचा काय संबंध?" त्यांनी मायच्या वरच्या दाढेवर आरशाची दांडी टेकवली. "ही कॅप मीच बसवलीय, सहा वर्षं झाली. रोज तेलात असते, हलली का? नीट चिकटवलेल्या कॅपला तेलाच्या गुळण्यांनी काही होत नाही. फक्त जोरजोरात खळखळवायचं नाही, तेल गिळायचं नाही आणि ब्रश सोडायचा नाही. कॅप सैल वाटली तर मात्र गुळण्या थांबवून आधी दाखवायची. ही तर कच्चीच होती, ती कधीतरी निघणारच." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मी पंधरा दिवस सांगितले होते ना?"

आणि मी म्हणाले, "आईच यायला तयार नव्हती."

इतकं सहज निघालं तोंडातून, की मलाच नवल वाटलं. माय खुर्चीत आडवी होती, गालात कापूस होता. तिनं माझ्याकडे पाहिलं. मग डॉक्टरांना म्हणाली, "हो जी. मीच टाळलं. हाराचा धंदा, सवड नाई भेटत."

दाढ निघाली. जखम भरेपर्यंत गुळण्या बंद, नंतर खुशाल करा, असं डॉक्टरांनी सांगितलं. बाटली मी गपचूप फळीवर परत ठेवली. परतीच्या गाडीत मला रडू आलं, पण रडल्यानं दाढ येत नाही.

महिन्याभरानं माय पुन्हा तेल धरू लागली. फोनवर पुन्हा ते 'हं' आलं. आता ती डाव्या बाजूनंच चावते. भाकर दुधात कुस्करून खाते. मी विचारलं की म्हणते, "सवय पडली व."

मी बरेच दिवस मनात जुळवलं आणि परवा सकाळी बोलून टाकलं. "माय, तारीख मीच पुढं ढकलत होते. डॉक्टरांनी मला सांगितलं होतं, तुला नाही. तेलाला नावं ठेवली तीही उगाच. आणि दवाखान्यात दोष तुझ्यावर घातला. माझं चुकलं."

पलीकडून 'हं' आलं नाही. पावलं वाजली, मागच्या दाराची कडी वाजली. ती थुंकली. हार अर्धाच झाला असणार.

"मले मालूमच होतं," ती म्हणाली. "पन एक सांग. इतले दिवस गेले, तू दोनदा घरी येऊन गेली, तवा काई बोलली नाई. आज माह्या तोंडात तेल होतं, मले बोलता येत नव्हतं, म्हनून आजच सांगतलं काय?"

माझ्या तोंडात तेल नव्हतं. तरी मला फक्त 'हं' म्हणता आलं.