हळदीचं जाकीट

भावाच्या हळदीला आमच्या सुकापूरच्या घरात सगळ्यांनी एकाच ताग्यातले कपडे शिवले. आमच्याकडे तशीच पद्धत. कापड उरलं आणि माझ्या अंगात आलं. आमच्या नकट्या, बुटक्या पग कुत्र्याला मी अस्तर लावून, जरीची लेस लावून जाकीट शिवलं. मे महिन्यात! माझ्या अकलेचं दिवाळं निघालं होतं, पण दिसत होता असा देखणा की काय सांगू.

भर दुपारी डीजे सुरू झाला. पठ्ठ्या सगळ्यांच्या पायांतून नाचत होता, मी शिट्ट्या मारत होते. आणि एकदम तो मांडवात आडवा झाला. जीभ जांभळट, श्वास खरखर.

जाकीट ओरबाडून काढलं, डॉक्टरांना फोन लावला. "बर्फ नको. साधं पाणी पोटावर, पंजांवर टाका, पंखा लावा आणि लगेच घेऊन या."

हाताशी पाणी होतं ते एकच. पाच सवाशिणींनी वाजतगाजत विहिरीवरून आणलेलं, नवरदेवाच्या अंघोळीचं. अख्खी कळशी मी कुत्र्यावर रिकामी केली.

डीजेसुद्धा थांबला.

"अगो बाय! नवऱ्याचं पानी कुत्र्यावर वतलंस?" आत्या किंचाळली. ही आत्या म्हणजे आमच्या घरातलं हायकोर्ट. कुत्र्याला ती कधी उंबऱ्याच्या आत घेत नसे.

पिवळाधम्मक भाऊ पाटावरून उठला, मांडवातला पंखा कुत्र्याकडे वळवला आणि गाडीची किल्ली मागू लागला.

"हळद लागल्यावर नवरा भायेर जात नाय," आत्या गरजली. "बस खाली. मी जाते."

रिक्षात तिने त्या ओल्या गोळ्याला नव्या साडीवर घेतलं. पनवेलचा पूल येईपर्यंत पदराने वारा घालत ती त्याच्यावर ओरडत होती, "डोले उघड रे मेल्या, डोले उघड!" मी रडत होते आणि मधूनच मला हसू फुटत होतं.

तासाभराने डॉक्टर बाहेर आले. ताप उतरला होता, तो उठून पाणी प्यायला होता. डॉक्टरांनी कागद पुढे ओढला आणि विचारलं, "कुत्रा कोणाचा?"

मी तोंड उघडायच्या आत आत्या पुढे झाली.

"कुत्रा नाय, करवला हाय आमचा. लवकर सोडा, घरी हळद खोळंबलीय."